मिऱ्या, जयगड, वैभववाडी, रांजणी: सोलापूरच्या मालाचे बंदर कोणी ठरवायचे?

६ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर परिसरातील डाळिंबांची ५.७ टनांची खेप समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाली आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोचली. त्या खेपेत प्रत्येकी तीन किलोच्या १,९०० पेट्या होत्या. जुलै २०२४ मध्ये हेच फळ विमानाने ऑस्ट्रेलियाला गेले होते, परंतु विमानभाडे सोसून डाळिंबाचा नियमित व्यापार उभा राहत नाही, म्हणून समुद्रमार्गाचा हा प्रयोग महत्त्वाचा ठरला. त्यानंतर भगव्या डाळिंबांचा समुद्रमार्गे गेलेला माल न्यूयॉर्कलाही उतरला. शेतमाल निर्यातीसाठीची केंद्रीय संस्था अपेडा आणि सोलापूरजवळ केगाव येथे असलेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र यांनी मिळून घेतलेल्या चाचण्यांत फळाचे साठवण-आयुष्य ६० दिवसांपर्यंत नेता आले, तेव्हा कुठे पाच-सहा आठवड्यांच्या जलप्रवासाचा विचार शक्य झाला.

साठ दिवसांतले अडतीस दिवस जहाजात गेले, तर तोडणी, प्रतवारी, शीतकरण, बंदरापर्यंतची वाहतूक, परदेशातील तपासणी आणि दुकानातील विक्री या सगळ्यांना मिळून जेमतेम तीन आठवडे उरतात. सांगोल्यापासून धक्क्यापर्यंत वाया गेलेला प्रत्येक दिवस सिडनीच्या दुकानातून वजा होतो. म्हणूनच समुद्रापासून काहीशे किलोमीटर दूर, दख्खनच्या पठारावर वसलेल्या सोलापूर जिल्ह्याला बंदरांच्या नियोजनाशी देणेघेणे आहे, आणि ते किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांपेक्षा कमी नाही. या प्रकरणात तपासायचा प्रश्न एकच आहे: सोलापूरचा माल कोणत्या बंदरातून, कोणत्या मार्गाने जावा, हे आज कोण ठरवते?

शेवटचा निर्णय १८६३ चा

रेल्वे येण्यापूर्वी देशावरचा माल बैलांच्या तांड्यांवरून सह्याद्रीचे घाट उतरून थेट पश्चिमेच्या खाड्यांत जात असे. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे बिदर-विजापूरच्या व्यापाराचे समुद्रद्वार होते. सोलापूरचा किल्ला ज्या राज्यांच्या ताब्यात होता, त्यांची बंदरे जवळपास सरळ पश्चिमेला होती. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, तेव्हा खंडाळा आणि खोपोली यांच्या मधला उतार अजून रुळांविना होता. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १४ मे १८६३ रोजी खुला झाला आणि सोलापूरहून मुंबईच्या धक्क्यापर्यंत अखंड लोहमार्ग तयार झाला. अमेरिकेत त्याच सुमारास यादवी युद्ध चालू असल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. पुढे १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने आपला अरुंद मार्ग कुर्डुवाडीला, म्हणजे त्याच मुंबईच्या मार्गाला आणून जोडला.

त्या निर्णयामागचा हेतू परकीय होता, हे मान्यच आहे. तरीही त्यात आजच्या नियोजनकर्त्यांनी पाहण्यासारखी एक गोष्ट आहे: बंदर, घाट आणि मालाचा प्रदेश यांचा विचार एकाच नकाशावर केला गेला होता. त्यानंतर स्वातंत्र्य आले, बंदरे बदलली, न्हावा-शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, मालाचे पेटारे जाऊन कंटेनर आले. परंतु सोलापूर कोणत्या बंदराला जोडायचे, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही. जो मार्ग १८६३ ने घालून दिला तोच, फक्त मालगाडीऐवजी बहुतेक ट्रेलरवरून, आजही चालू आहे.

जिल्ह्यातून काय जाते आणि कसे जाते

सोलापूर जिल्ह्याच्या निर्यातीचे स्वरूप एकसारखे नाही, आणि इथेच नियोजनाची खरी गुंतागुंत आहे. अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतले टेरी टॉवेल आणि इतर यंत्रमागाचा माल कोरड्या कंटेनरात जातो. त्याला तापमान सांभाळावे लागत नाही, पण ग्राहकाने दिलेली तारीख सांभाळावी लागते. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांतले डाळिंब, बार्शी आणि उत्तर सोलापूरची द्राक्षे आणि करमाळ्याच्या कंदर भागातून आखाती देशांना जाणारी केळी यांना रिफर म्हणजे शीतकंटेनर लागतो. साखर हा तिसरा आणि वजनाने सर्वांत मोठा प्रकार. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत आणि निर्यात खुली असलेल्या हंगामात इथली साखर हजारो टनांनी बंदराकडे निघते. ती कंटेनरातही जाते आणि जहाजाच्या पोटात थेट ओतून किंवा पोत्यांनीही जाते. या तीन प्रकारांच्या गरजा इतक्या भिन्न आहेत की तिघांना मिळून एकच बंदर हे उत्तर असेलच असे नाही.

रिफरचे उदाहरण घेऊ. जिल्ह्यात माल भरून येणारे कंटेनर फार थोडे, त्यामुळे निर्यातीसाठी लागणारा रिकामा रिफर न्हावा-शेवा परिसरातल्या यार्डातून उचलून आणावा लागतो. तो सुमारे चारशे किलोमीटर चढून येतो, पॅकहाऊसवर भरला जातो, आणि जनसेटवर, म्हणजे ट्रेलरवरच्या जनित्रावर, पाच अंशांच्या आसपास तापमान व नव्वद टक्क्यांच्या पुढे आर्द्रता राखत तेवढेच अंतर परत जातो. एका फेरीच्या मालासाठी दोन फेऱ्यांचे डिझेल जळते. अमेरिकेला जाणाऱ्या फळाला वाशी येथील पणन मंडळाच्या विकिरण केंद्रातून जावे लागते, म्हणजे आणखी एक थांबा. मग धक्क्यावरचे वेळापत्रक असते. जहाज येण्यापूर्वी ठराविक दिवशी गेट उघडते आणि ठराविक तासाला बंद होते. या कट-ऑफनंतर आलेला कंटेनर ‘रोल ओव्हर’ होतो, म्हणजे पुढच्या जहाजासाठी थांबतो, आणि बहुतेक सेवा आठवड्याच्या असल्याने तो थांबा आठवडाभराचा होऊ शकतो. खंडाळ्याच्या घाटात दोन टँकर उलटले आणि द्रुतगती मार्ग काही तास बंद राहिला, तर त्याचा परिणाम इतक्या लांब पोचतो. टॉवेलवाला अशा वेळी ग्राहकाला पत्र लिहून सवलत मागू शकतो. डाळिंबवाल्याला ती सोय नाही.

हा सगळा प्रवास रस्त्याने का, असा प्रश्न साहजिक आहे, कारण सोलापूर तर मुंबई–चेन्नई या मुख्य लोहमार्गावर आहे. सांगोल्यासारख्या छोट्या स्थानकावरून आख्खी गाडी भरता येते, हेही सिद्ध झाले आहे: देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली होती, अर्थात तिला भाड्यात ५० टक्के सवलत होती. बंदराकडे जाताना मात्र बोरघाटातील सदतिसाला एक असा चढ-उतार, मालगाड्यांना लागणारी जादा इंजिने, पुणे–मुंबई प्रवासी गाड्यांची गर्दी आणि कर्जत–पनवेल मार्गाची मर्यादित क्षमता आडवी येते. पुण्याच्या चिंचवडला कंटेनर डेपो आहे, पण सोलापूरहून चिंचवडपर्यंत ट्रेलरने गेल्यावर उरलेल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरसाठी कंटेनर उतरवून रेल्वेवर चढवणे कोणाला परवडत नाही. न्हावा-शेव्याच्या एकूण कंटेनरांपैकी रेल्वेने होणारी ने-आण पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे, त्यामागे अशी अनेक सोलापुरे आहेत.

पश्चिमेकडे चार कामे, चार दिशा

नकाशा पाहणाऱ्या कोणालाही वाटते की सोलापूरने मुंबईचा नाद सोडून सरळ पश्चिमेला जावे. ही कल्पना सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या बैठकांत बरेचदा मांडली जाते आणि तिच्यात तथ्यही आहे. म्हणून तिची नीट तपासणी केली पाहिजे.

पहिले काम महामार्गाचे. लोक ज्याला मिऱ्या–नागपूर महामार्ग म्हणतात तो राष्ट्रीय महामार्ग १६६ रत्नागिरीहून कोल्हापूर, सांगली, मिरज, सांगोला, मंगळवेढा करीत सोलापूरला येतो आणि पुढे तुळजापूरपासून महामार्ग ३६१ म्हणून लातूर, नांदेडकडे जातो. सांगली–सोलापूर पट्ट्याच्या चौपदरीकरणाने या बाजूचा प्रवास खरोखरच सोपा झाला. परंतु हा महामार्ग समुद्राला भेटतो तो रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला, आणि तिथे कंटेनर जहाज लागेल असे बंदर नाही. खोल पाण्याचे, बारमाही चालणारे बंदर आहे ते त्याच्या उत्तरेला जयगडला. २००९ पासून चालू असलेले हे खासगी बंदर राज्याच्या सागरी मंडळाच्या सवलत करारावर, म्हणजे ठरावीक काळ बंदर बांधून चालवण्याच्या हक्कावर, उभे आहे. वीज केंद्राचा कोळसा हा त्याचा मूळ आधार, आणि सुट्या मालासाठी ते चांगले बंदर आहे. दुसरे काम म्हणजे या जयगडला कोकण रेल्वेवरील डिंगणी स्थानकाशी जोडणारा सुमारे ३४ किलोमीटरचा मार्ग. तो आखला गेला, करार झाले, पण गाडी धावली नाही.

तिसरे काम कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेचे. सुमारे १०८ किलोमीटरचा हा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला आणि देश व कोकण यांना जोडणारी सांधेजोड म्हणून त्याचे स्वागत झाले. तो अजून कागदावरून खाली उतरलेला नाही. पण उद्या झाला, तरी वैभववाडी जयगडपासून पुष्कळ दक्षिणेला आहे, म्हणजे सोलापूरचा माल मिरज, कोल्हापूर, वैभववाडी करून पुन्हा एकेरी कोकण रेल्वेने उत्तरेला वळणार. या मार्गाला खरे तर विजयदुर्गासारखे बंदर साजेसे आहे, आणि विजयदुर्गाचे मोठे बंदर अजून झालेले नाही. चौथे काम सांगली जिल्ह्यातल्या रांजणीचे. न्हावा-शेवा चालवणाऱ्या जेएनपीटीच्या (जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट) पुढाकाराने जालना, वर्धा, निफाड आणि रांजणी या ठिकाणी ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर असलेली कोरडी बंदरे, उभारण्याची कल्पना मांडली गेली होती. जालन्याचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. कवठे महांकाळ तालुक्यातले रांजणी मिरज–पंढरपूर लोहमार्गाजवळ असल्याने सांगोल्याच्या डाळिंबाला ते सोयीचे झाले असते. पण ज्या बंदराच्या प्राधिकरणाने ते मांडले, त्या न्हावा-शेव्याकडे तोंड करूनच ते आखलेले होते. कोल्हापूरहून खाली उतरणाऱ्या मार्गाशी त्याचा संबंध जोडलेला नव्हता.

महामार्ग मिऱ्याला जातो, बंदर जयगडला आहे, रेल्वे वैभववाडीला जायची आहे आणि ड्रायपोर्ट न्हावा-शेव्याकडे पाहणारा आहे. यांतले एकही काम वेडगळ नाही. प्रत्येकामागे त्या त्या खात्याचा अभ्यास आहे, प्रत्येकाचा प्रकल्प अहवाल स्वतःपुरता बरोबर आहे. परंतु महामार्ग प्राधिकरण, रेल्वे मंत्रालय, राज्याचे सागरी मंडळ व त्याचा सवलतधारक, आणि केंद्राच्या अखत्यारीतले बंदर प्राधिकरण या चौघांच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, आणि त्या मिळाव्यात हे बघण्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही. मला या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो.

अंतराबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करावा लागेल. हवाई रेषेने पाहिले तर सोलापूरहून जयगड न्हावा-शेव्यापेक्षा पन्नासेक किलोमीटरने जवळ पडते. रस्त्याने मात्र दोन्ही ठिकाणे सुमारे चारशे किलोमीटरवरच आहेत. खंडाळा टाळून आंबा घाट पत्करायचा, एवढाच तो बदल. आणि जयगडला जाऊन कंटेनर थांबणार कोणत्या जहाजासाठी? नियमित सेवा चालवणारी जहाज कंपनी त्या बंदरात आठवड्याला पुरेसा माल मिळेल अशी खात्री असल्याशिवाय येत नाही, आणि जहाज येत नाही तोवर निर्यातदार तिकडे माल पाठवत नाही. एकट्या सोलापूरचा, किंवा सोलापूर, सांगली, कोल्हापूर यांचा मिळून जो कंटेनरांचा माल आहे, तो वेगळा पाडून जयगडला वळवला, तर न्हावा-शेव्याला रोज मिळणाऱ्या जहाजांचा पर्याय सोडून आठवड्याला एखाद्या फीडर जहाजावर अवलंबून राहावे लागेल, आणि ते फीडर पुन्हा दुसऱ्या मोठ्या बंदरातच माल उतरवील. त्यामुळे ‘आमचे बंदर जयगड’ ही मागणी भावनेला पटली तरी कंटेनरापुरती ती हिशेबात बसत नाही. साखर, मोलॅसिस, खते, कोळसा यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे जहाज मालासाठी भाड्याने येते, वेळापत्रकासाठी नव्हे, आणि खोल पाण्याचा फायदा थेट मिळतो.

अधिकार कोणाकडे आहेत

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत बंदरांची विभागणी दोन ठिकाणी झाली आहे. मेजर पोर्ट म्हणून घोषित झालेली बंदरे संघसूचीच्या २७ व्या नोंदीत, तर उरलेली समवर्ती सूचीच्या ३१ व्या नोंदीत येतात आणि प्रत्यक्षात राज्ये चालवतात. पहिल्या गटात चालू असलेली बंदरे बारा. दुसऱ्या गटात एकट्या महाराष्ट्राने ४८ छोटी बंदरे मोजली आहेत, ज्यांतली व्यापारी दृष्ट्या दखल घेण्याजोगी बोटांवर मोजता येतील. मोठे-छोटे ही विभागणी आकाराची नाही, कायद्याची आहे: वर्षाला वीस कोटी टनांच्या घरात माल हाताळणारे मुंद्रा या विभागणीत ‘नॉन-मेजर’ ठरते.

केंद्र आणि किनारी राज्यांनी एकत्र बसावे म्हणून १९९७ मध्ये सागरी राज्य विकास परिषद स्थापन झाली, पण तिचे म्हणणे बांधील नव्हते. १९०८ च्या बंदर कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या भारतीय बंदरे कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा दिला. दरम्यान आराखड्यांची कमतरता नव्हती. सागरमाला या बंदरविकास योजनेची घोषणा २००३ च्या स्वातंत्र्यदिनी झाली, २०१५ मध्ये ती नव्याने मंजूर झाली, एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय परिप्रेक्ष्य आराखडा आला, मार्च २०२१ मध्ये सागरी भारत व्हिजन २०३० आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अमृतकाल व्हिजन २०४७. त्यांतला २०१६ चा दस्तऐवज मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात कोळसा, पोलाद, सिमेंट, कंटेनर यांचा उगम कुठे आणि उपयोग कुठे याचा अभ्यास होता, आणि वाहतूक खर्चात वर्षाला ३५ ते ४० हजार कोटी रुपयांची बचत होईल असा अंदाजही. पण त्या आराखड्यातून पुढे जे आले ते शेकडो प्रकल्पांची यादी. यादीत भर घालणे कोणत्याही राज्याला आवडते. यादीतून नाव कापण्याचे अधिकार असलेली व्यवस्था त्यासोबत आली नाही.

नाव कापले नाही की काय होते

याचे सर्वांत बोलके उदाहरण देशाच्या दक्षिण टोकाला आहे. भारताच्या ट्रान्सशिपमेंटच्या मालापैकी सुमारे तीनचतुर्थांश माल परदेशी बंदरांत, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर आणि क्लांग येथे जहाज बदलतो. तो परत आणण्यासाठी कोचीच्या वल्लारपाडमला टर्मिनल बांधले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू केले. त्याचे पहिले दशक क्षमतेपेक्षा बरेच कमी मालावर गेले. केरळ सरकारने त्याच किनाऱ्यावर विळिंजम हाती घेतले, जे डिसेंबर २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. विळिंजमचे काम चालू असतानाच, जुलै २०१६ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथून जवळच तमिळनाडूतील कोळचेल–एनायम येथे आणखी एका ट्रान्सशिपमेंट बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. ते बंदर झाले नाही, पण त्याच्या विरोधात तिथल्या मच्छीमारांना उतरावे लागले आणि अहवालांवर पैसा खर्च झाला. एकाच मालासाठी तीन ठिकाणे, तिन्हींना सरकारी आशीर्वाद. तिथे विळिंजमने आपल्या खोलीच्या बळावर जम बसवला हे खरे. परंतु हे उत्तर स्पर्धेने शोधले, नियोजनाने नव्हे, आणि ते शोधण्याची किंमत सार्वजनिक पैशातूनही गेली.

महाराष्ट्रात रेवस आणि दिघी ही याच जातीची उदाहरणे. रेवसचा भागीदारी प्रकल्प २००२ मध्ये ठरला आणि खाडीतला गाळ जसाच्या तसा राहिला. दिघी बांधले गेले, पण त्याला रेल्वे मिळाली नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ७०५ कोटी रुपयांना नव्या मालकाकडे गेली. रेल्वेविना बंदर म्हणजे दार नसलेले गोदाम, हे दिघीने शिकवले. जयगड–डिंगणीच्या अपुऱ्या मार्गाकडे पाहता ते शिकवणे पुरेसे झालेले नाही.

गुजरातचा आक्षेप

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. गुजरातने १९८२ मध्ये सागरी मंडळ स्थापले, १९९५ मध्ये बंदर धोरण जाहीर केले आणि दिल्लीच्या कोणत्याही महाआराखड्याची वाट न पाहता मुंद्रा, पिपावाव उभे केले. मग राष्ट्रीय नियोजनाचा आग्रह कशासाठी? नियोजन आयोगाच्या काळाची आठवण असलेल्या पिढीला ही शंका येणे योग्यच आहे. परंतु गुजरातचे यश नीट पाहिले तर तिथे नियोजन नव्हते असे म्हणता येत नाही. पिपावावला रेल्वेच्या भागीदारीतून स्वतंत्र कंपनी काढून सुरेंद्रनगरपर्यंतचा मार्ग रुंद करून घेतला गेला. बंदर आणि रूळ एका निर्णयात बांधले गेले. शिवाय गुजरातच्या बंदरांमागे सपाट प्रदेश आहे, सह्याद्री नाही. घाट फोडण्याचा खर्च कोणतेही एक बंदर किंवा एक राज्य आपल्या फायद्यातून भरून काढू शकत नाही, कारण त्या घाटाचा लाभ सोलापूरबरोबर कलबुर्गी, विजयपूर, बिदर, हैदराबाद यांनाही व्हायचा असतो. पृष्ठप्रदेश राज्यांच्या सीमेवर थांबत नाही, आणि राज्याचा आराखडा सीमेपलीकडे जात नाही.

सोलापूरपुरते काय ठरवायला हवे

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचा निर्णय या प्रश्नाला तातडी देतो. १९ जून २०२४ रोजी मंजूर झालेले, ७६,२२० कोटी रुपये खर्चाचे, जेएनपीएचे (म्हणजे पूर्वीच्या जेएनपीटीचे) ७४ आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे २६ टक्के भाग असलेले हे बंदर वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरांच्या मापाने तेवढे कंटेनर, हाताळण्यासाठी आखले आहे. त्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये ज्या जागी बंदर नाकारले, तिथेच जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांचा विरोध मावळलेला नाही. एखाद्या समाजाचा समुद्र भरून काढायचा असेल, तर तो कोणत्या मालासाठी आणि दुसरा मार्ग का नाही, याचा उघड हिशेब देणे ही राष्ट्रीय आराखड्याची किमान अट असली पाहिजे. अठरा मीटरांच्या पुढचे नैसर्गिक पाणी मोठ्या जहाजांसाठी अत्यावश्यक आहे, हे उत्तर बरोबर आहे. पण अपुरे आहे, कारण त्यातून माल कुठून येणार हे कळत नाही.

सोलापूरसाठी वाढवण रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. युरोप-अमेरिकेच्या थेट सेवा देणारी मोठी जहाजे उद्या तिकडे सरकली, तर इथल्या निर्यातदाराला एकतर आणखी शंभर किलोमीटर ट्रेलर पाठवावा लागेल किंवा न्हावा-शेव्याच्या मध्यम जहाजांवर समाधान मानावे लागेल. वाढवणची रेल्वे जोडणी पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाशी ठरवली आहे, जो न्हावा-शेव्याहून वैतरणा, गुजरात करीत दादरीपर्यंत १,५०६ किलोमीटर जातो. त्या मार्गावर एकावर एक दोन कंटेनर रचून गाड्या धावतात. बोरघाटाच्या बोगद्यांतून असे दुमजली कंटेनर येऊ शकत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या मालाला दुमजली गाडी आणि दख्खनच्या मालाला एकमजली, तीही घाटात जादा इंजिनांनी ढकललेली. हा भेद निसर्गाने अर्धा केला आहे. उरलेला अर्धा गुंतवणुकीच्या क्रमाने झाला आहे.

माझ्या मते राष्ट्रीय आराखड्याने सोलापूरला जयगडचे कंटेनर टर्मिनल देऊ नये आणि तसे स्पष्ट सांगावे. कंटेनर न्हावा-शेव्याला किंवा पुढे वाढवणला, पण रेल्वेने, ही दिशा धरावी. त्यासाठी कर्जत–पनवेलची मालवाहतूक क्षमता आणि घाटाला पर्यायी, कमी चढाचा मार्ग यांना बंदराच्याच खर्चाचा भाग समजावे. सोलापूर परिसरात सीमाशुल्क तपासणीसह कंटेनर डेपो हवा. तिथे रिकाम्या रिफरचा साठा राहील आणि आठशे किलोमीटरची फेरी निम्म्यावर येईल. सुट्या मालासाठी मात्र जयगड आणि मिऱ्या–नागपूर महामार्ग यांची सांगड घालावी. डिंगणीचा मार्ग त्यात प्राधान्याने यावा आणि वैभववाडीच्या मार्गाची आखणी कोणत्या बंदरासाठी, याचे उत्तर दिल्याशिवाय त्यावर पैसा पडू नये. या सूचनांवर कोल्हापूरकर नाराज होतील, रत्नागिरीकरही. राष्ट्रीय नियोजनात कोणीतरी नाराज होणारच, म्हणून तर तो निर्णय चारपैकी एका खात्यावर सोपवून चालत नाही.

असा आराखडा करण्यासाठी लागणारी माहिती बरीचशी उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२० पासून निर्यातीच्या शिपिंग बिलात मालाच्या उगमाचे राज्य आणि जिल्हा नोंदवणे बंधनकारक आहे. सांगोल्याचे डाळिंब नाशिकच्या किंवा वाशीच्या व्यापाऱ्याने घेतले तर तो जिल्हा काळजीपूर्वक भरला जातोच असे नाही, आणि ही त्रुटी दुरुस्त करता येण्याजोगी आहे. २०२१ च्या गतिशक्ती व्यासपीठावर रस्ते, रूळ आणि बंदरे एका नकाशावर आणलीही गेली आहेत. त्या नकाशावर जिल्हावार निर्यातीचा हा थर चढवला, तर सोलापूरच्या प्रत्येक कंटेनराने कोणता घाट उतरला आणि त्याला किती दिवस लागले हे मोजता येईल. आणि बंदरे कायद्याने बळ दिलेल्या परिषदेपुढे जयगड, विजयदुर्ग, दिघी, न्हावा-शेवा व वाढवण यांची कामे वाटून देण्याचा प्रस्ताव आकड्यांसह ठेवता येईल. या परिषदेत किनारी राज्ये बसतात. कलबुर्गी आणि विजयपूरची बाजू कर्नाटक मांडू शकेल, पण ज्या तेलंगणाचा माल सोलापूरवरूनच पश्चिमेला उतरतो त्याला समुद्रकिनाराच नाही, आणि त्याचे म्हणणे तिथे कोणी मांडायचे हे आधी ठरवावे लागेल.